एका दिवसाची सहल, चार वर्षांचं कॉलेज

पुण्यात मुलं शिक्षणाला किंवा नोकरीला बाहेर पडली की मागे राहिलेल्या नवरा-बायकोपुढे रविवारचा प्रश्न उभा राहतो. सोमवार ते शनिवार कसेही ढकलता येतात. रविवारी मात्र दोघं समोरासमोर बसतात, चहा संपतो, पेपर संपतो, शब्दकोडंही सुटतं, आणि घड्याळात बघावं तर जेमतेम साडेनऊ. यावर उपाय म्हणून काही जोडपी अध्यात्माकडे वळतात. काही सोसायटीच्या कमिटीत शिरतात आणि पार्किंगवरून शेजाऱ्यांशी जन्माचं वैर घेतात. उरलेली गाडी काढतात. आम्ही गाडी काढणाऱ्यांतले.

या बाबतीत पुण्याची जागा ज्याने कोणी निवडली त्याला दाद दिली पाहिजे. पश्चिमेला सिंहगड, ताम्हिणी, लोहगड. उत्तरेला जुन्नर आणि शिवनेरी. दक्षिणेला वाई. पूर्वेला भुलेश्वर आणि थेट भिगवण. कुठेही जा, रात्री मुगाची खिचडी टाकायला घरी परत. मुक्काम नाही म्हणजे हॉटेल नाही, हॉटेल नाही म्हणजे बॅग नाही, आणि बॅग नाही म्हणजे "माझा चार्जर तू घेतला होतास ना?" हे भांडण नाही. संसार टिकवायचा तर परदेशवारीपेक्षा एका दिवसाची सहल कितीतरी सुरक्षित.

सहलीचा आरंभ आदल्या रात्री एका घोषणेने होतो. "उद्या सहा म्हणजे सहाला निघायचं!" ही घोषणा नवरा करतो. त्याचा अर्थ मी तिखटमिठाच्या पुऱ्या पाचला तळायला घ्यायच्या, असा असतो. पुऱ्या तळून, थर्मास भरून, दाण्याची चटणी डब्यात घालून मी सव्वासहाला दारात उभी राहते, तेव्हा हा टायरमधली हवा, कूलंट, वायपरचं पाणी, सीटखालची सतरंजी या गोष्टींची तपासणी करत असतो. आम्ही साडेसातला निघतो. सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडताना तो दर वेळी म्हणतो, "हॉस्टेलला असताना आम्ही चारला उठून ट्रेकला निघायचो." एका दिवसाच्या सहलीत कॉलेज सुरू होतं ते इथे. वॉचमनने अजून फाटक लावलेलंही नसतं.

हा सीओईपीचा, म्हणजे पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजचा, मेकॅनिकल. मी टिळक रोडवरच्या एस. पी.ची, मराठी वाङ्मय. एकाने चार वर्षं मिनी ड्राफ्टर आणि पाठीवर ड्रॉइंग शीटची नळी वाहिली, दुसरीने वामन मल्हारांपासून मर्ढेकरांपर्यंत सगळ्यांवर टिपणं काढली. या दोन जमातींची गाठ पडायची पुण्यात एकच हमखास जागा होती, ती म्हणजे पुरुषोत्तम करंडक. १९६३ पासून चालत आलेली ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिरात होते. तिथे रंगमंचावर जेवढं नाटक चालतं, त्याहून जास्त पडदा उघडण्याआधी प्रेक्षागृहात चालतं. "अरे आव्वाज कुणाचा?" अशी एक आरोळी उठते आणि छपराची कौलं असती तर ती उडाली असती एवढा आवाज परत येतो.

सीओईपीची मुलं या स्पर्धेला झुंडीने येत. त्या काळी मेकॅनिकलच्या वर्गात एखादी मुलगी दिसली तर ती रस्ता चुकून आली असावी, असं प्राध्यापकांनाही वाटे. त्यामुळे या मुलांना नाटकाची ओढ फार होती, आणि त्यातही नाटकाच्या प्रेक्षागृहाची. माझा नवरा त्या आरोळीतला मुख्य आवाज होता, असं त्याचं म्हणणं आहे. मी विंगेत असल्यामुळे मला फक्त आवाज ऐकू आला, माणूस नंतर कळला. तोपर्यंत त्याचा घसा बसला होता. त्यामुळे पहिल्या भेटीत तो फारच मितभाषी वाटला, आणि माझा तोच समज लग्नापर्यंत टिकला.

आता हा मितभाषी माणूस गाडी चालवतो आणि मी शेजारी बसते. रस्ता आणि किस्सा यांचं त्याच्या डोक्यात कायमचं लग्न लागलेलं आहे. साताऱ्याच्या रस्त्याला लागलो की कात्रजच्या बोगद्यात 'जीटी' सुरू होते. वाङ्मयाच्या वाचकांसाठी सांगते, जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. काचेखाली दिवा लावायचा, काचेवर हुशार मुलाची शीट ठेवायची, तिच्यावर आपली कोरी शीट पसरायची आणि खालून दिसतील तशा रेघा गिरवायच्या. सबमिशनच्या आदल्या रात्री अख्ख्या विंगमध्ये एकच काच आणि एकच शीट फिरत असे. किस्सा असा, की एका मुलाने झोपेत रेघांबरोबर कोपऱ्यातलं मूळ मुलाचं नाव आणि रोल नंबरही सुबकपणे गिरवला. बोगद्यात शिरताना काचेखाली दिवा लागतो आणि बोगद्यातून बाहेर पडता पडता सर ते नाव मोठ्याने वाचतात. वर्षानुवर्षांत या वेळापत्रकात एका सेकंदाचा फरक पडलेला नाही.

पुढे खेड शिवापूरचा टोलनाका. इथे मेसमधल्या 'फीस्ट'चा किस्सा, म्हणजे रविवारी दुपारी गोडाचं जेवण आणि रात्री मेस बंद, म्हणून एका पैलवानाने रात्रीचेही गुलाबजाम दुपारीच खाऊन ठेवले त्याची कथा. पूर्वी टोलच्या रांगेत ती निवांत पूर्ण व्हायची. फास्टॅग आल्यापासून पैलवान जेमतेम पाटावर बसतो न बसतो तोच दांडा वर जातो. सरकारने वाहनचालकांचा वेळ वाचवला हे खरं, पण या योजनेने मौखिक परंपरेचं किती नुकसान झालं याचा विचार कोणी केलेला नाही.

सिंहगडाचं प्रकरण निराळं. तिथे किस्सा ऐकवायचा नसतो, सिद्ध करायचा असतो. गड समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या आसपास. आतकरवाडीतून पायवाटेने चढायचा, पुणे दरवाजातून आत शिरायचं, टिळकांच्या बंगल्यावरून जायचं, देवटाक्याचं पाणी प्यायचं आणि तानाजीच्या समाधीपुढे डोकं टेकवायचं, हा जुना क्रम. कॉलेजात असताना हा पाऊण तासात गड चढायचा. निदान लग्नाच्या वेळी तरी पाऊण तास होता. मुलं शाळेत जायला लागली तेव्हा तो चाळीस मिनिटांवर आला. गुडघ्याचा एक्स-रे काढला त्या वर्षी पस्तीस. आता आम्ही घाटरस्त्याने गाडी घेऊन थेट वाहनतळापर्यंत जातो, आणि तिथून दरवाजापर्यंतच्या पायऱ्यांवर दोनदा थांबून हा शेजारून पळत जाणाऱ्या पोरांना सांगतो, "आम्ही अर्ध्या तासात यायचो." गुडघे जसजसे कुरकुरतात तसतसा कॉलेजातला वेग वाढतो, हा पदार्थविज्ञानाचा नियम त्याला मेकॅनिकलला असल्यामुळे सोपा जात असावा.

वर गेलं की पुढचं ठरलेलं आहे. "या ताई, या दादा, गरम पिठलं-भाकरी" अशा हाका येतात. घोंगडी अंथरलेल्या झोपडीत मांडी घालून बसायचं, म्हणजे मांडी घालायचा प्रयत्न करून शेवटी एक पाय लांब सोडायचा. पिठलं, भाकरी, ठेचा, कांदाभजी आणि शेवटी मडक्यातलं दही. कॉलेजात असताना चौघांत दोन ताटं मागवून वर ठेचा फुकट मिळतो का, याची चौकशी व्हायची. आता दोघांना दोन ताटं परवडतात. ठेचा समोर आला की मात्र दोघंही आधी खिशातली गोळी चाचपतो.

पण नवऱ्याच्या आठवणींचा कळस बघायचा तर भिगवणला जायला हवं. पुणे-सोलापूर रस्त्यावर शंभरेक किलोमीटरवर उजनी धरणाचं पाणी पसरलेलं आहे. थंडीत तिथे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. कुंभारगावचे मच्छीमार पर्यटकांना होडीतून पक्षी दाखवायला नेतात. आता ज्या माणसाच्या कॉलेजला स्वतःचा बोट क्लब आहे, १९२८ पासून ज्या कॉलेजची रेगाटा, म्हणजे होड्यांच्या कवायतींचा सोहळा, मुळेच्या पात्रात गाजते आहे, त्या माणसाला होडीत नुसता प्रवासी म्हणून बसवणं हा त्याचा अपमान असतो. होडीत पाय ठेवल्या ठेवल्या त्याने वल्ह्याची पकड, होडीचा तोल आणि वाऱ्याची दिशा यांवर नावाड्याला मार्गदर्शन सुरू केलं. नावाडी पन्नाशीतला, डोक्याला पंचा, चेहरा उन्हाने रापलेला. पक्षी जवळ आले तसं त्याने मोटर बंद केली आणि बांबू हातात घेतला. तेव्हा नवरा उत्साहाने उभा राहिला.

"सायेब, खाली बसा. तुमी हुबं ऱ्हायलाव की पक्षी उडत्यात."

नवरा बसला, पण गप्प बसला नाही. "अहो, आम्ही कॉलेजात चार वर्षं होडीच चालवली."

"असंल की," नावाडी बांबू रोवत म्हणाला. "आमचं जुनं गावच धरणात गेलं. तवा आमाला शिकावंच लागलं."

भीमेवर उजनी बांधलं तेव्हा काठची गावं आणि शेतं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ अजूनही उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर डोकावतं. बापाची जमीन जिथे होती, तिथेच पोरगा जाळं टाकतो. या माणसापुढे रेगाटा सांगायची म्हणजे अवघड काम. नवरा परत काठाला लागेपर्यंत एक शब्द बोलला नाही. आमच्या सहलींच्या इतिहासात एवढी शांतता आजवर झालेली नाही. पुढे काठावरच्या घरगुती खानावळीत तळलेला मासा समोर आला तेव्हा कंठ फुटला, आणि पहिलं वाक्य आलं, "पण बांबू त्याने बरोबर धरला होता हं. आम्ही रेगाटात पंट फॉर्मेशनला अस्साच धरायचो."

माझी पाळी वाईला येते. तिथे ढोल्या गणपती आहे, कृष्णेचे घाट आहेत, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभं केलेल्या मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे. मराठी घेऊन बी. ए. झालेल्या बाईने त्या गावात थोडं बोलायचं नाही तर कुठे? गावापासून जवळच मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि त्याच्या पाठीमागे घाट. २००४ सालच्या 'स्वदेस' सिनेमाचं चित्रीकरण इथे झालं, त्यामुळे घाटाच्या पायऱ्यांवर शाहरुखसारखे उभे राहून फोटो काढणारे लोक हटकून भेटतात. त्यांना ओलांडून गेलं की देवळापाशी एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर पोर्तुगिजांकडून आलेल्या घंटांपैकी ही एक. चर्चमधून निघालेली घंटा शंकराच्या देवळात येऊन लागली आणि आवाजात काही फरक पडला नाही.

ही घंटा दिसली की नवरा म्हणतो, "ही वाजवायला तूच हवी होतीस." यात टोमणा आहे. पुरुषोत्तमच्या आमच्या एकांकिकेत मी विंगेतून टेलिफोनची घंटी वाजवायचे. सायकलची घंटी होती, पण लांबून चालून जायची. प्रयोगात नायकाने घाईत घंटी वाजण्याच्या आधीच फोन उचलला आणि "हॅलो" म्हणाला. मी त्यानंतर घंटी वाजवली, कारण संहितेत ती होती आणि संहितेशी इमान राखायला आम्हाला शिकवलेलं होतं. नायकाने एका फोनवर बोलता बोलता दुसरा फोन आल्यासारखा चेहरा केला. दुसरा फोन रंगमंचावर नव्हता. सीओईपीच्या बाजूने तेव्हा जो हशा उठला तो आपण सुरू केला होता, असं नवरा मोठ्या अभिमानाने सांगतो. आमच्या प्रेमाचा पाया घातला गेला तो असा.

इथवर वाचून कोणाला वाटेल की इतकी वर्षं तेच तेच किस्से ऐकून माणसाला कंटाळा कसा येत नाही? येतो. पण त्यात एक सोय आहे. आमच्या ओळखीत एकाच कॉलेजातलं, एकाच वर्गातलं, एकाच बाकावर प्रेम जमलेलं जोडपं आहे. तेही आमच्यासारखंच दर रविवारी बाहेर पडतं आणि संध्याकाळी अबोला धरून परत येतं. कारण नवऱ्याने "तेव्हा मी सरांना सरळ सांगितलं" असं म्हटलं की बायको म्हणते, "तू कुठे? तू खाली मान घालून उभा होतास." पहिला पिक्चर 'कयामत से कयामत तक' की 'मैंने प्यार किया', तिकिटं कोणी काढली, गाडी एम-एटी होती की लूना, या प्रत्येक मुद्द्यावर तिथे साक्षीपुरावे होतात. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराशी लग्न करण्यासारखी आफत नाही.

आमचं तसं नाही. मी त्याच्या हॉस्टेलवर नव्हते, तो आमच्या तालमींना नव्हता. त्यामुळे दोघांनाही वाढायला जागा आहे. रेगाटामध्ये मशाल नृत्य असतं, अंधारात पेटत्या मशाली फिरवतात. लग्न ठरलं तेव्हा माझा नवरा त्यात मशाल पुरवणाऱ्यांपैकी होता. थोरला मुलगा झाला तेव्हा तो मशाल धरणाऱ्यांत आला. धाकटी दहावीला गेली तोवर त्याच्या हाती वल्हं होतं. गेल्या वर्षी मुलाच्या होणाऱ्या सासऱ्यांसमोर तो बोट क्लबचा जवळजवळ कप्तान होता. मी शेजारी बसून पोहे वाढत होते. एक शब्द बोलले नाही. त्याची परतफेड लगेच झाली. विहीणबाईंनी विचारलं, "तुम्हीसुद्धा नाटकात होता ना?" मी तोंड उघडण्याआधी नवरा म्हणाला, "ध्वनिसंयोजन तिचं होतं!" सायकलच्या घंटीला इतक्या सन्मानाने आजवर कोणी वागवलं नव्हतं.

मुलांना हे कळत नाही. व्हिडिओ कॉलवर मुलगा विचारतो, "बाबा परत बोट चालवत होते का?" मुलगी म्हणते, "आई, त्या पैलवानाने आता किती गुलाबजाम खाल्ले?" त्यांच्या कॉलेजचे फोटो, व्हिडिओ, तारीख-वेळेसकट सगळं फोनमध्ये पडून आहे. मला त्यांची काळजी वाटते. वयाच्या पन्नाशीत यांनी बायकोला किंवा नवऱ्याला सांगायला लागावं आणि समोरच्याने फोन काढून दाखवावं, की हा बघ, तू मागच्या रांगेत आहेस! पुराव्यांमुळे या पिढीचा भूतकाळ फार गरीब राहणार आहे. आमच्याकडे एका ग्रुप फोटोशिवाय काही नाही, आणि त्यातही नवऱ्याच्या चेहऱ्यासमोर कोणाचा तरी हात आलेला आहे. तो हात आमच्या घराण्यावर फार मोठे उपकार करून गेला.

लोकांना वाटतं, जोडपी रविवारी गड, देऊळ, धरण बघायला जातात. भुलेश्वरला यादवकालीन शिल्पं आहेत, स्त्रीरूपातला गणपती आहे, भाजे-कार्ल्याला लेणी आहेत. ते सगळं बघतोच आणि बघावंच. पण नुसतं बघायचंच असतं तर दोन वेळा जाऊन भागलं असतं. त्याच त्या सिंहगडावर माणूस पुन्हा पुन्हा जातो ते दुसऱ्या कारणाने. घरात किस्सा सुरू केला की कुकरची शिट्टी होते, कुरिअरवाला येतो, समोरचा माणूस उठून आत जातो. गाडीत कोणाला उठून जाता येत नाही. पट्टा लावलेला असतो.

मीही आता शेजारी बसून काचेखालचा दिवा, गुलाबजाम आणि मशाली इतक्या वेळा ऐकल्या आहेत, की मेकॅनिकलची दोन वर्षं तरी माझी सहज पूर्ण झाली असावीत. मागच्या महिन्यात त्याच्या हॉस्टेलच्या मित्रांच्या मेळाव्यात जीटीचा किस्सा मीच सांगितला. तो एका जागी अडखळला होता, मी उचलून पुढे नेला. मित्रांपैकी एकाने विचारलं, "वहिनी, तुम्ही कुठल्या बॅचच्या?" त्याच मेळाव्यात कोपऱ्यात नवरा दोन बायकांना आमची एकांकिका समजावून सांगत होता, विंग, प्रकाशयोजना आणि घंटीसकट. एकाच फीमध्ये दोन कॉलेजं करून देणारी लग्नासारखी दुसरी संस्था नाही, आणि तिथे हजेरी गाडीतच लागते.

तेव्हा वाचकहो, येत्या रविवारी निघा. खडकवासल्याच्या बाजूला जाणार असाल तर संध्याकाळी चारच्या आत परत फिरा, नाहीतर चौपाटीवरच्या भाजलेल्या कणसांच्या गर्दीत गाडी अडकेल. पाण्याच्या बाटल्या घरून न्या, कचरा घरी आणा, पुऱ्या चार जास्त तळा. आणि शेजारून "आमच्या कॉलेजात एकदा" असं ऐकू आलं की "माहितीये" म्हणू नका. "मग?" असं विचारा. पेट्रोल तेवढंच लागतं.